आधी पत्रा, मग इंजिन

सई ऑक्सफर्डला नोकरी करते. तिथून जवळच्याच ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात एमजीबी ही स्पोर्ट्स कार तयार होत असे. तशीच एक जुनी गाडी घ्यायचं तिच्या मनात आहे. तिच्या मामाची हयात इंग्लंडमधल्या गॅरेजांत गेली आहे.

सई : मामा, 1972 ची रोडस्टर आहे. रंग चकाचक. इंजिनाचा आवाज कसा ओळखायचा, तेवढं सांग.

मामा : इंजिन राहू दे. बॉनेट उघडून मान डोलावणारं गिऱ्हाईक विकणाऱ्याला फार आवडतं. तू आधी गुडघ्यावर बस आणि दाराखालचा पट्टा बघ. त्याला सिल म्हणतात.

सई : गंजला असेल तर पत्रा बदलायचा. त्यात काय एवढं?

मामा : अगं, या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यात वर छप्पर नाही. म्हणजे पुढची आणि मागची बाजू एकमेकींना धरून ठेवायचं मुख्य काम या दोन सिलांचं. शिवाय सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा एक, आतला एक, मध्ये उभा पडदा आणि खाली पोकळ पट्टी. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारं पाणी पोकळीत शिरलं की गंज आतून खात येतो. बाहेर फोड दिसला तर आतलं केव्हाच गेलं असं समज.

सई : आणि वरून रंग मारून झाकलं असेल तर?

मामा : लोहचुंबक फिरव, पण पातळ कापडात गुंडाळून, नाहीतर रंगाला ओरखडे जातील. लांबी भरलेल्या जागी तो धरत नाही. मग दार आणि मागचा पत्रा यांच्यामधली फट बघून ठेव, आणि मालकाला गाडी जॅकवर घ्यायला सांग. फट वरच्या बाजूला आवळली किंवा दार अडकायला लागलं, तर गाडी मधोमध वाकतेय. तिथूनच नमस्कार करून परत ये.

सई : तो म्हणतो, सिल नवे बसवलेत.

मामा : कसे बसवले ते विचार. बाहेरचा सिल पुढच्या-मागच्या मडगार्डांच्या आत सरकलेला असतो. नीट बदलायचा तर मडगार्डांचा खालचा भाग कापावा लागतो. कामचुकार माणूस जुन्या गंजावरच नवं झाकण वेल्ड करतो. काम चालू असतानाचे फोटो मागायचे. सीटमागे दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्या असतील, त्यांच्या खालचे पत्रेही बघ.

सई : आता तरी इंजिनाकडे येशील?

मामा : ते दणकट आहे. 1798 सीसी, आणि 1964 च्या अखेरपासून क्रँकला तीनच्या जागी पाच मेन बेअरिंग. गरम झाल्यावर चालत्या गाडीत तेलाचं प्रेशर 50 पीएसआयच्या आसपास टिकलं की पुरे. टॅपेट थोडे वाजले तर घाबरू नकोस. अगदी गप्प असतील तर उलट मला शंका येते, कुणीतरी गॅप फार कमी ठेवलाय. पेट्रोलचं मात्र विचार. शिशाचं पेट्रोल इथे 1999 च्या अखेरीस बंद झालं. आता व्हॉल्व्हच्या बैठकी जपायला शिसं नाही, तेव्हा हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का? नसतील तर पेट्रोलमध्ये औषध घालावं लागेल. आणि 2021 पासून पंपावर जे दहा टक्के इथेनॉलचं मिळतं, ते जुन्या रबरी पायपांना खातं. पाच टक्क्यांचंच भर.

सई : चाकं तारांची आहेत. दिसतात काय सुंदर!

मामा : दिसतात खरी. चाक उचलून घे, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि चाक मागे-पुढे हलव. खटखट आली तर हबवरचे दाते झिजलेत. मग पुढचं चाक वर-खाली धरून हलव. ब्रेक दाबूनही ढिलाई राहिली तर बेअरिंग नाही, किंगपिन गेलंय, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ.

सई : ते टाळता येतं?

मामा : ग्रीस! दर तीन हजार मैलांना, दोन्ही बाजूंच्या तीन-तीन निपलांत, तेही चाक हवेत असताना. गाडीचं वजन असलं तर ग्रीस सगळीकडे पोचत नाही. ही साधी सर्व्हिस लोक चुकवतात आणि क्रोम घासत बसतात.

सई : पण गाडीच्या दरवर्षीच्या एमओटी तपासणीत हे सगळं निघेलच ना?

मामा : चाळीस वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाड्यांना 2018 पासून ती सक्तीची नाही. तरीही स्वखुशीने करून घेणारा मालक भेटला तर दोन पैसे जास्त दे.

सई : शनिवारी येशील माझ्याबरोबर?

मामा : आधी त्याला फोन करून फोटो माग. मिळाले तर येतो, जॅक माझाच आणतो.