संगणक मंद कां होतो ?

घरांतील संगणक एकाएकीं मंद झाला, कीं आपण त्याला दोष देतों आणि वडील नव्या संगणकाची किंमत विचारूं लागतात. परंतु नाडी पाहिल्यावांचून वैद्य औषध देत नाहीं. येथेंहि आधीं निदान व मग उपाय, हाच क्रम योग्य होय. मंदत्वाचें एक नेहमींचें कारण म्हणजे हार्ड डिस्कचे अतिश्रम. त्यांचा विचार या पाठांत करूं.

हार्ड डिस्क म्हणजे बंद पेटींत वेगानें फिरणाऱ्या तबकड्या व त्यांवरून मागेंपुढें सरकणारा दांडा. असें पहिलें यंत्र आय. बी. एम्. या अमेरिकन कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. पुढें आकार तळहाताएवढा झाला. तत्त्व मात्र तेंच राहिलें.

आतां थोडें गणित करूं. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्याला सुमारें ८.३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे तितके सहस्रांश, लागतात. हवा तो भाग दांड्याखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो, आणि दांडा योग्य जागीं सरकण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद. एकूण सुमारें १३. अर्थात् विखुरलेले भाग सेकंदास ७५-८० च वाचतां येतात. प्रत्येक भाग ४ किलोबाइटांचा धरला, तर हातीं जेमतेम ३०० किलोबाइट पडतात. तीच तबकडी सलग वाचली, तर सेकंदास १०० मेगाबाइटांहूनहि अधिक देऊं शकते. यावरून हें ध्यानांत येईल, कीं डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसली तरी काम पुष्कळ झालें असें नव्हे. वेळ बहुतेक येरझारांतच जातो.

मग या येरझारा कोण घालावयास लावतो ? विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यांतील 'डिस्क' या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारली, म्हणजे डिस्कला सर्वांत अधिक राबविणाऱ्या प्रोग्रामचें नांव वर येतें. नंतर स्वतःस तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : मेमरी पुरेशी आहे काय ? मेमरी हें अभ्यासाचें मेज व डिस्क हें कपाट समजा. मेज लहान असेल, तर एक पुस्तक घेण्यासाठीं दुसरें कपाटांत ठेवावें लागतें, आणि सारा वेळ उठण्याबसण्यांतच संपतो. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६८ सालीं या दुरवस्थेची कारणमीमांसा केली. मेमरी ९० टक्क्यांवर भरलेली असेल, आणि कांहीं प्रोग्राम बंद करतांच डिस्क शांत होत असेल, तर दोष येथेंच आहे. प्रोग्राम कमी उघडावे, अथवा मेमरी वाढवावी.

दुसरा प्रश्न : एखादें नैमित्तिक काम चाललें आहे काय ? विंडोजची सुधारणा, व्हायरसचा शोध, फायलींची सूची करणें, हीं कामें पडद्याआड चालतात व संपल्यावर थांबतात. येथें धीर हेंच औषध.

तिसरा प्रश्न : डिस्कच आजारी नाहीं ना ? काम थोडें असूनहि तिला प्रतिसादास सतत शेंकडों मिलिसेकंद लागत असतील, फायली उघडतांना चुका होत असतील, किंवा पेटींतून टकटक आवाज येत असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग करूं नका. प्रथम महत्त्वाच्या सर्व फायलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा. मगच ही बदला. डिस्क बाजारांत पुन्हां मिळते. वर्षभराच्या टिपणें व आजीआजोबांचीं छायाचित्रें मिळत नाहींत.

बदलावयाचीच झाली, तर फिरती तबकडी नसलेली 'एस. एस. डी.' घ्यावी. तींत दांडाच नसल्यानें येरझारा नाहींत, आणि पुष्कळदां जुना संगणकहि तिनें चपळ होतो. मात्र तीहि बिघडूं शकते. म्हणून नक्कल ठेवण्याची संवय सोडूं नये.

पालकांस एवढीच विनंति, कीं नव्या संगणकासाठीं पैसे काढण्यापूर्वीं मुलाला हे तीन प्रश्न विचारावे, व त्यानें काय पाहिलें तें वहींत लिहावयास सांगावें. कदाचित् खर्च वांचेल. आणि मुलास निरीक्षणाची संवय लागेल, हा लाभ त्याहून मोठा.