वेब सर्व्हिस : उत्तर आलं नाही, तर?

समजा उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ५ मधल्या एका जीन्सवाल्याने वेबसाइट काढली आणि बदलापूरहून ऑर्डर आली. पैसे घेणं, पार्सल पाठवणं ही कामं वेबसाइट स्वतः करत नाही. ती बँकेच्या, कुरियरच्या सर्व्हरला विनंती पाठवते. दोन प्रोग्रॅम्समधली ठरलेल्या नियमांची ही देवाणघेवाण म्हणजे वेब सर्व्हिस. २००३ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने 'सोप १.२' हे प्रमाण मान्य केलं. त्यात निरोप एक्सएमएलमध्ये जातो. आज बरेच जण 'रेस्ट' पद्धत आणि जेसन वापरतात.

पण खरी गोची पुढेच आहे. पैसे कापले गेले आणि उत्तर यायच्या आत नेट गेलं, तर? उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे. प्रोग्रॅमने तीच विनंती पुन्हा पाठवली, तर पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक ऑर्डरला वेगळा नंबर द्यायचा आणि पुन्हा विचारताना तोच पाठवायचा. तो नंबर आधी येऊन गेला असेल, तर बँकेच्या सर्व्हरने पैसे न कापता जुनंच उत्तर द्यायचं.

मला विचाराल तर प्रोजेक्ट तपासताना मधेच नेटची वायर काढून बघा. गिऱ्हाइकाचे पैसे एकदाच कापले गेले, तरच सर्व्हिस तयार झाली म्हणायची.