वाघिणींची टक्कर

संवेग म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, ही व्याख्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते. आम्ही पडलो कलाशाखेचे. सूत्रापेक्षा दृश्य आम्हांस अधिक मानवते, आणि ते रेल्वेच्या रुळांवर उत्तम दिसते. रुळांवर घर्षण फार थोडे. म्हणूनच १८६२ साली गायकवाडांच्या डभोई-मियागाम मार्गावर बैलांनीही डबे ओढले!

समजा, २० टनांची वाघीण ताशी ६ किलोमीटर वेगाने येऊन उभ्या असलेल्या ४० टनांच्या वाघिणीवर आदळली व दोघी जोडल्या गेल्या. आधीचा संवेग २० गुणिले ६, म्हणजे १२०. आता वस्तुमान ६०. तेव्हा वेग २. एकीने जेवढा धक्का दिला तेवढाच दुसरीने उलट दिशेस दिला, म्हणून एकूण संवेग कायम राहिला. गतिज ऊर्जा मात्र एक-तृतीयांशच उरली! येथे विद्यार्थी हटकून अडखळतात. उरलेली ऊर्जा नष्ट झालेली नसते. ती धडाक्याच्या आवाजात, उष्णतेत व बफरांच्या हादऱ्यात गेलेली असते.

आता त्याच वाघिणीपुढे रूळ ओलांडणारा ४० किलोंचा मुलगा कल्पावा. टकरीने वाघिणीचा वेग घटेल तो ताशी अवघा १२ मीटरांनी. मुलावर मात्र तिचा जवळजवळ सारा वेग एका क्षणात लादला जाईल. शंटिंगच्या वेळी सुटी सोडलेली वाघीण शिटी देत नाही, तिला इंजिन नसते, आणि तिची चाल माणसाच्या झपाझप चालण्याएवढीच दिसते.