शब्दांची मुळे ओळखू या
ज्यांच्या घरी इंग्रजी कधी कानावर पडली नाही, असे आमचे विद्यार्थी आता जीआरई परीक्षा देऊन अमेरिकेतील विद्यापीठांत प्रवेश घेऊ पाहत आहेत. त्यांना आम्ही सांगतो, नुसत्या याद्या घोकू नका. आपण ‘सु’ आणि ‘दुर्’ जाणतो. म्हणून सुगंध-दुर्गंध पाठ करावे लागत नाहीत. तसेच लॅटिनमधील ‘बेने’ म्हणजे चांगले, ‘माले’ म्हणजे वाईट. म्हणून ‘बेनेव्होलंट’ हितेच्छू, ‘मॅलेव्होलंट’ अहितेच्छू. मात्र उपसर्ग कधी फसवतोही: ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न जळणारे नव्हे, चटकन पेटणारे! २०११ पासून या परीक्षेत सुटे विरुद्धार्थी शब्द विचारत नाहीत. शब्दाची पारख वाक्यातच होते. म्हणून रोज दहाच शब्द घ्यावेत, प्रत्येकाचे स्वतःचे वाक्य रचावे. माजी विद्यार्थ्यांनी अशा वह्या वसतिगृहाच्या वाचनालयास द्याव्यात; मागून येणाऱ्यांची वाट सुकर होईल.