घोंगडी : टिकाऊ वस्तूचे अर्थशास्त्र

रेंगाळलेल्या कामाला आपण 'भिजत घोंगडे' म्हणतो. परंतु घोंगडी वाळायला इतका वेळ का लागतो, याचा विचार आपण करीत नाही. लोकर पुष्कळ पाणी धरून ठेवते आणि ओली असतानाही थोडीफार ऊब देते. म्हणूनच आपल्या औंढा, सेनगावच्या माळावर पावसात उभा राहणारा मेंढपाळ घोंगडीची खोळ डोक्यावरून घेत आला आहे.

घोंगडी हा एकट्याचा नव्हे, तर साऱ्या कुटुंबाचा उद्योग होय. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरतात. ती निवडून, पिंजून बायका तिचे सूत काढतात. पुरुष मागावर बसतात आणि पोरे कांड्या भरतात. हाताने काढलेले हे सूत केसाळ असते. मागावर घासून ते तुटू नये म्हणून ताण्याला चिंचोक्यांची खळ लावतात. खळीने सुटे तंतू चिकटून बसतात व धागा बळकट होतो. विणणारे मुख्यतः सणगर व खुटेकर धनगर. काळी घोंगडी बहुधा काळ्या मेंढीच्या लोकरीचीच असते. रंगच दिलेला नसल्याने तो धुतल्यावर जाण्याचा प्रश्न येत नाही.

माझ्या आजोबांच्या लग्नातली घोंगडी आमच्या घरी आजही अंथरली जाते. तिचे आम्हां सर्वांना कौतुक आहे. पण अर्थशास्त्राच्या तासाला मागणी व पुरवठा शिकताना माझ्या मनात एक प्रश्न आला : त्यानंतर आमच्या घराने विणकराकडून दुसरी घोंगडी घेतली का? नाही. जी वस्तू दोन पिढ्या टिकते, तिचे गिऱ्हाईकही दोन पिढ्यांनीच परत येते. चांगले काम हेच कारागिराच्या पोटावर येते, ही या धंद्यातील खरी अडचण आहे.

पूर्वी गावगाड्यात ही अडचण काही अंशी झाकली जाई. शेतात मेंढ्या बसवल्याबद्दल धनगराला धान्य मिळे. लोकर घरचीच असे. आता गिरणीचे स्वस्त ब्लँकेट बाजारात आले आहे. मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळली जाते व जाड्याभरड्या लोकरीला भाव उरलेला नाही. राज्यात १९७८ साली मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. पण मेंढी जगली म्हणजे माग जगेलच असे नाही.

तेव्हा केवळ 'कला जपा' असे म्हणून भागणार नाही. घोंगडी महाग वाटते, कारण आपण तिची किंमत एका हिवाळ्याच्या ब्लँकेटशी ताडून पाहतो. ती जितकी वर्षे टिकते तितक्या वर्षांनी तिची किंमत भागून पाहावी. आणि त्या किमतीत सूत काढणाऱ्या बाईची मजुरीही धरावी. घरचे काम म्हणून ती आजवर कोणी मोजलेलीच नाही.