दिवे बदलताना

जुना दिवा काढून नवा बसविणे यात विचार करण्याजोगे काय आहे, असे आपणांस सहज वाटते. परंतु ज्या दालनाची शोभाच प्रकाशावर अवलंबून असते, तेथे हे काम मोठे नाजूक ठरते.

न्यूयॉर्क शहरात सीग्रॅम या मद्य कंपनीच्या मुख्य कचेरीची ३८ मजली इमारत १९५८ साली पुरी झाली. तिचे प्रमुख वास्तुशिल्पज्ञ मीस व्हॅन डर रोह. तिच्यातील ‘फोर सीझन्स’ हे भोजनगृह १९५९ साली उघडले. दालनांची रचना फिलिप जॉन्सन यांनी केली, तर प्रकाशयोजना रिचर्ड केली यांनी. सर्वत्र पसरलेला सौम्य उजेड, एकाच वस्तूवर लक्ष खिळविणारा झोत आणि डोळ्यांस सुखविणारी चमचम, असे प्रकाशाचे तीन प्रकार केली यांनी १९५२ साली मांडले होते. या भोजनगृहात खिडक्यांवरील धातूच्या बारीक साखळ्यांचे पडदे हवेच्या प्रवाहाने हलत आणि त्यांवर प्रकाशाच्या लहरी उठत.

१९८९ साली ही दालने संरक्षित वारसा ठरली. अशा ठिकाणी भिंती व छत जपता येतात; दिवे मात्र झिजतातच. शिवाय तारेच्या दिव्यात बहुतेक वीज उष्णतेत जाते. साठ वॅटच्या अशा दिव्याइतका उजेड एलईडी दिवा ८-९ वॅटमध्ये देतो. तेव्हा बदल करणे शहाणपणाचेच.

मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, प्रकाशाचा रंग. तारेच्या दिव्याचा उबदार पिवळा प्रकाश सुमारे २७०० केल्विनचा असतो. त्याजागी निळसर पांढरा दिवा लावल्यास भोजनगृहास कचेरीची कळा येते. दुसरी, मंदपणा. तारेचा दिवा मंद करता करता तांबूस होतो. साधा एलईडी नुसताच अंधुक होतो. तिसरी, रंगांची सत्यता. हलक्या एलईडीच्या प्रकाशात तांबडा अंश अपुरा पडतो आणि ताटातील पदार्थ निस्तेज दिसतात.

यावरून आम्हांस असे वाटते की, जतन करावयाचे ते केवळ दिव्याचे घर नव्हे, तर त्यातून पडणारा उजेड आणि त्याची सावलीही होय. विद्यार्थिमित्रांनी एक पिकलेला टोमॅटो प्रथम दिवसाच्या उजेडात आणि नंतर घरातील निरनिराळ्या दिव्यांखाली धरून पाहावा. ज्या दिव्याखाली त्याचा तांबडा रंग दिवसाच्या रंगाशी अधिक जुळेल, तोच जेवणाच्या जागी लावावा.