‘आई, पिंग वाढलाय!’

लेकीची ऑनलाइन मुलाखत संध्याकाळी सातला होती. बेडरूमचं दार लावून ती लॅपटॉपसमोर बसली, तेव्हा घरातला प्रत्येक जण शहाण्यासारखा वागत होता. सासूबाईंनी मालिका बंद केली. शिट्ट्यांचा त्रास नको म्हणून कुकर आधीच उतरवून ठेवला होता. नववीतल्या धाकट्याला दम देऊन मी गेम बंद करायला लावला. आणि मध्येच रिंग वाजायला नको, म्हणून माझा फोन सायलेंट करून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून टाकला. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

दहाव्या मिनिटाला आतून आवाज यायला लागले. ‘सॉरी, तुम्ही बोला... नाही नाही, सॉरी... हॅलो, आवाज येतोय का?’ प्रश्न तिच्यापर्यंत उशिरा पोचायचा, उत्तर त्यांच्यापर्यंत त्याहून उशिरा. ती गप्प आहे असं समजून ते पुन्हा विचारायला लागायचे, नेमकं तेव्हाच तिचं उत्तर तिकडे जाऊन आदळायचं. बाहेर आल्यावर ती रडली वगैरे नाही. ‘त्यांना वाटलं, मी अडखळतेय,’ एवढंच म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

त्यानंतरच्या दहा दिवसांत मी जे जे केलं, ते कुणी करू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

सगळ्यात आधी धाकट्याला धरलं. रोज संध्याकाळी ‘आई, पिंग वाढलाय!’ म्हणून ओरडणारा तोच, गेम खेळणारा तोच, म्हणजे नेट खाणाराही तोच. आठवडाभर गेम बंद. मग आमच्या केबलवाल्या दादांना बोलावलं. डोंबिवलीच्या उकाड्यात चार मजले चढून ते दोनदा आले, फायबरचं टोक बदललं, भिंतीवरच्या डब्यात लाल दिवा नाही हे मला बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, ‘मॅडम, लाइन क्लिअर आहे.’ माझा विश्वास बसला नाही. तिसरी पायरी, प्लॅन १०० एमबीपीएसवरून २०० वर नेला. चौथी, चार हजारांचा नवा राउटर आणला, सहा अँटेना असलेला. टीव्हीच्या बाजूला ठेवला तर खेकडा उताणा पडल्यासारखा दिसायचा.

स्पीड टेस्ट १९० दाखवायला लागली. आणि संध्याकाळच्या ऑफिस मीटिंगमध्ये माझा आवाज पूर्वीसारखाच विहिरीतून आल्यागत.

शेवटी ऑफिसातल्या नेटवर्क विभागातल्या एका सहकाऱ्याला फोन केला. त्याने माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, ‘ताई, हे सगळं केलंत, पण मोजलंत काय?’ मी म्हटलं, स्पीड मोजला की. तो म्हणाला, ‘स्पीड नको. उशीर मोजा.’

त्या संध्याकाळी लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या उघडून बसले. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची ही खिडकी असते. तिथे ‘पिंग’ लिहून पुढे पत्ता आणि शेवटी हायफन-टी जोडलं, की संगणक दर सेकंदाला त्या पत्त्यावर एक हाक मारतो आणि ‘ओ’ यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहीत जातो. एका खिडकीत आमच्या राउटरचा पत्ता घातला, १९२.१६८.१.१. दुसऱ्या खिडकीत बाहेरचा, ८.८.८.८.

पहिल्या खिडकीत आकडे तीन, दोन, चार, तीन. म्हणजे वायफाय ठणठणीत. दुसऱ्या खिडकीत ३४०, ६१०, ७९०, ८२०. धाकटा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. शांतपणे म्हणाला, ‘आई, हाच पिंग. मी रोज हेच तर सांगतो.’

मला इतके दिवस तो गेमच्या भाषेतला काहीतरी शब्द वाटत होता.

मग आम्ही घरातली उपकरणं एकेक करून वायफायवरून काढली. टीव्ही काढला, आकडा ८१०. त्याचा फोन काढला, ८३०. लेकीचा लॅपटॉप, नवऱ्याचा टॅब, काहीच फरक नाही. ‘आता फक्त तुझा फोन राहिला,’ तो म्हणाला. मी म्हटलं, त्याला कोण हात लावतंय, तो तर स्वयंपाकघरात निपचित पडलाय. त्याने जाऊन चार्जर काढला. खिडकीत ७९०, ७६०, ४१०, ९, ७, ७, ७.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. महिन्याच्या सुरुवातीला मी क्लाउडवर जागा विकत घेतली होती. पाच वर्षांचे फोटो, लग्नं, बारशी, कोकणातली सुट्टी, त्यात ४के व्हिडिओ, असा एकूण १८० जीबीचा ऐवज वर चढत होता. बॅटरी उतरू नये म्हणून ‘फक्त चार्जिंगवर असताना’ हे सेटिंग मीच निवडलं होतं. आणि फोन चार्जिंगला लावायची माझी वेळ संध्याकाळची, दमून घरी आल्यावरची. आमच्या जोडणीचा खाली उतरवण्याचा वेग २०० झाला, पण वर चढवण्याचा वेग होता तेवढाच राहिला होता, २० एमबीपीएस. हिशेब करा, १८० जीबी वर चढायला पूर्ण वेगाने २० तास लागतात. रोज दीड तास धरला, तरी जवळपास दोन आठवडे. त्याच दोन आठवड्यांत लेकीची मुलाखत होती, आणि तिला त्रास होऊ नये म्हणून मी फोन चार्जिंगला लावला होता.

रांग नेमकी कुठे लागते

वेग आणि उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला चार हजार रुपये आणि एक मुलाखत मोजावी लागली. पोस्टाची खिडकी डोळ्यांसमोर आणा. राखीपौर्णिमेच्या आधी तुमच्या पुढे एक जण पाचशे पाकिटांची गोणी घेऊन उभा आहे. तुमच्या हातात एकच पाकीट. कारकून झपाझप काम करतोय, म्हणजे वेग उत्तम. तरी तुमचा नंबर लागायला अर्धा तास. व्हिडिओ कॉलमधला आवाज, गेममधली हालचाल ही अशी एकेकटी पाकिटं. माझा फोन ही गोणी.

ही रांग लागते घराच्या उंबरठ्यावर, म्हणजे राउटरमध्ये किंवा भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात. घरातून माल येतो जोरात, बाहेर जायची वाट २० ची. जो माल मावत नाही, तो डब्यातल्या साठवणीत, बफरमध्ये थांबतो. मेमरी स्वस्त झाली तसे उत्पादकांनी हे बफर मोठे करत नेले. एकही पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, गळायला नको, हा हेतू. पण इंटरनेटवर डेटा पाठवणाऱ्या संगणकाला ‘पुढे गर्दी आहे’ हे कळतं ते मुख्यतः पॅकेट गळल्यावरच. १९८६ साली इंटरनेट गर्दीने कोलमडलं होतं, त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी ही शिस्त लावून दिली: पॅकेट गळलं की वेग कमी करा. बफर मोठा असेल तर काही गळतच नाही, पाठवणारा ढकलत राहतो आणि बफर काठोकाठ भरलेला राहतो. २ एमबीचा बफर २० च्या वेगाने रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतो. आठशे मिलिसेकंद! माझ्या खिडकीतला आकडा तोच होता.

बरं, वरची वाट तुंबली की खालची वाहतूकही रखडते. वेबपान खाली उतरत असताना ‘मिळालं, पुढचं पाठव’ अशा पावत्या वर जाव्या लागतात. त्याही गोणीमागे अडकतात. म्हणून सासूबाईंची मालिका गोल गोल फिरायची.

या आजाराला ‘बफरब्लोट’ म्हणतात. म्हणजे फुगलेला बफर. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी हे नाव दिलं. तेही स्वतःच्या घरून मोठ्या फायली पाठवताना नेट का रखडतं याचा शोध घेत या मुळाशी पोचले होते. हे वाचून मला थोडा धीर आला. आयुष्य संगणकात घालवलेल्या माणसालाही घरच्याच नेटने दमवलं होतं.

कुणावर संशय घेण्याआधी

आता क्रमाने सांगते. पैसे शेवटी, मोजमाप आधी.

पहिलं, राउटरला पिंग करा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर असतो. इथेच आकडे २ वरून १५० वर उड्या मारत असतील, तर दोष वायफायचा. राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर, माळ्यावर कोंबलेला असेल तर मोकळ्यावर आणा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारपाजारचे राउटर आणि चालू मायक्रोवेव्ह दोन्ही कल्ला करतात. जवळ असाल तर ५ गिगाहर्ट्झवर जा. २.४ वरच राहायचं असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलं मोकळं बघा. आणि महत्त्वाच्या मुलाखतीला सरळ लॅनची वायर लावा.

दुसरं, राउटर ठीक असेल तर बाहेरच्या पत्त्याला पिंग करा, एकदा घर शांत असताना आणि एकदा भरगर्दीच्या वेळी. शांत असताना ७, गर्दीत ८००, तर रांग तुमच्या उंबरठ्यावर आहे. सगळी उपकरणं बंद करूनही रात्री नऊला आकडा चढलेलाच राहिला, तर मात्र दोष बाहेरचा. मग केबलवाल्याला वेळ आणि आकडे लिहूनच फोन करा. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवर तोही काय करणार?

तिसरं, स्पीड टेस्टवर विसंबू नका. तिथे ठळक दिसणारा पिंग बहुतेक वेळा रिकाम्या रस्त्यावरचा असतो. फास्ट डॉट कॉमवर जास्तीची माहिती उघडली, की भार असतानाचा उशीरही दिसतो. बघायचा तो आकडा.

चौथं, गुन्हेगार शोधताना वर चढवणाऱ्यांची यादी करा: फोटोंचा बॅकअप, क्लाउडवर चित्रण पाठवणारा दारावरचा कॅमेरा, ऑफिसच्या लॅपटॉपवरचं फोल्डर सिंक, टॉरंट. निपचित पडलेली उपकरणं आधी तपासा. त्यांची वेळ मध्यरात्रीवर ढकलली किंवा त्यांच्या वेगाला मर्यादा घातली, की निम्म्या घरांचं दुखणं फुकटात जाईल.

पाचवं, तरीही भागलं नाही तर ‘एसक्यूएम’ची, म्हणजे रांगेला शिस्त लावण्याची, सोय असलेला राउटर बघा. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ती घालता येते. यामागची मूळ युक्ती, कोडेल, २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि त्याच व्हॅन जेकबसन यांनी मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे हे ती बघते. ५ मिलिसेकंदांहून जास्त ताटकळणं चालूच राहिलं, की काही पॅकेटं मुद्दाम गाळून पाठवणाऱ्याला इशारा देते. तिच्यावरून पुढे आलेल्या एफक्यू-कोडेल आणि केक या पद्धती प्रत्येकाची रांगही वेगळी करतात. गोणीवाला त्याच्या रांगेत, एकेकट्या पाकिटाला लगेच वाट. त्यात वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या जरा खाली, ८५ ते ९५ टक्क्यांवर ठेवा. मी २० च्या जागी १८ ठेवली. तसं केलं की रांग फायबरच्या डब्यात न लागता राउटरमध्ये लागते, आणि तिथे शिस्त लावणारा कुणीतरी असतो. थोडा वेग सोडावा लागतो, पण वाट बघणं संपतं. मात्र राउटर घेताना अँटेना मोजू नका. माझ्या सहा अँटेनावाल्यात ही सोय नव्हती, तो परत करून दुसरा घ्यावा लागला.

आणि शेवटचं, अंतराचा उशीर कुणालाच हटवता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूरच्या सर्व्हरला जाऊन यायला ४० मिलिसेकंदांच्या आसपास लागणारच, अमेरिकेला त्याच्या तिपटीहून जास्त. बोलण्यासाठी एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना जाणवत नाही. त्यामुळे ६० चे ५० करायला धावू नका. ८०० चे ६० करा.

लेकीची दुसरी एक मुलाखत पुढच्या महिन्यात झाली, लॅनची वायर लावून, विनाअडथळा. निकाल काय लागला तो तिचा तिला ठाऊक. नेटचा दोष नव्हता एवढं मी छातीठोक सांगू शकते.

धाकट्याचा गेम मी परत सुरू करून दिला. त्याच्या गेमला लागणारा डेटा माझ्या फोटोंच्या मानाने चिमूटभर आहे, हे आता मला माहीत आहे. रांगेत गोणीमागे उभा राहून रोज ओरडणारा तो एकटाच होता, आणि ओरडतो म्हणून शिक्षाही त्यालाच झाली. परवा संध्याकाळी पुन्हा हाळी आली, ‘आई, पिंग वाढलाय!’ मी काही न बोलता उठले आणि आधी माझा फोन कुठे आहे ते पाहिलं.